हिरव्या उजेडाची साक्ष : पेशींतील ऑक्सिजन शोधणाऱ्या रंगद्रव्यांचा इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांनी या शाळेत विज्ञान शिकवले. मी त्यांचा विद्यार्थी. परंतु आयुष्यभर अध्यापन केले ते मराठीचे. यंदाचे व्याख्यान विज्ञानाच्या इतिहासावर असावे असे मंडळाने कळवले, तेव्हा नकार द्यावा असेच प्रथम मनात आले. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात ज्याची हयात गेली, त्याने रसायनशास्त्रावर काय बोलावे? परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या पाठीस लागला आहे. सरांनी साठ वर्षांपूर्वी याच इमारतीच्या मागील अंगणात आम्हांला जो प्रश्न घातला होता, त्याच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. त्या नात्याच्या आधाराने हे धाडस करतो.

अंगणातील काचनळी

आम्ही नववीत होतो. सरांनी कुनैनच्या गोळीची पूड सौम्य गंधकाम्लात विरघळवली आणि ती काचनळी इंदूरच्या ऑक्टोबरातील उन्हात धरली. द्रव पाण्यासारखा निर्मळ होता. पण ज्या बाजूने ऊन पडत होते, त्या बाजूच्या कडेला एक सुंदर निळसर झाक उमटली. सर म्हणाले, "काय दिसले ते वहीत लिहा." आम्ही बहुतेकांनी लिहिले, "कुनैन निळे असते." सरांनी सगळ्या वह्यांवर तांबडी रेघ मारली. "द्रवातून आरपार पाहा. निळे आहे का? नाही. मग तुम्हांला कुनैन निळे दिसले नाही, कडेला निळा उजेड दिसला. कुनैन निळे असते, हे तुम्हांला वाटले." त्या दिवसापासून आमच्या प्रयोगवहीच्या पानावर मधोमध उभी रेघ आली. डावीकडे 'दिसले', उजवीकडे 'वाटले'.

सरांनी दाखवला तो प्रयोग फार जुना होता, हे मला पुढे कळले. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी १८४५ साली कुनैनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या या निळ्या उजेडाचे वर्णन केले. त्याचे खरे कारण केंब्रिजचे जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली उलगडले. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पसरवले आणि कुनैनची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत काही झाले नाही. नळी जांभळ्याच्या कडेशी आणि त्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना केवळ अंधार दिसतो तेथे नेली, तेव्हा ती निळी उजळली. याचा अर्थ, कुनैन न दिसणारा प्रकाश गिळत होते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकत होते. फ्लोरस्पार या खनिजातही असाच गुण आढळतो, म्हणून स्टोक्स यांनी त्याला फ्लुओरेसन्स असे नाव दिले. मराठीत कोणी अनुस्फुरण म्हणतात, कोणी प्रतिदीप्ती. आज मी प्रतिदीप्ती हाच शब्द वापरणार आहे. बँकेत नोट तपासण्यासाठी जो जांभळा दिवा असतो, त्याखाली नोटेवरचे धागे चमकतात, ते याच गुणामुळे.

या गुणाचा उपयोग साक्षीदारासारखा करता येतो, हे १८७७ साली जर्मनीत फार मनोरंजक रीतीने दिसून आले. डॅन्यूब नदीचे पाणी इमेंडिंगेन गावाजवळ जमिनीत मुरून नाहीसे होते. ते तेथून सुमारे १२ किलोमीटरवरील आख येथील झऱ्यातून वर येत असावे, असा लोकांचा तर्क होता. आडॉल्फ क्नॉप यांनी नदीत १० किलो फ्लुओरेसीन सोडले. हे रंगद्रव्य आडॉल्फ फोन बायर यांनी १८७१ साली प्रयोगशाळेत बनवले होते. सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरवागार चमकू लागला. परंतु क्नॉप केवळ रंगावर विसंबले नव्हते. त्याच सुमारास त्यांनी नदीत २० टन मीठ आणि शेल खडकापासून काढलेले तेलही सोडले होते. झऱ्याला मिठाची चव आली, तेलाचा वास आला आणि हिरवा रंगही आला. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन साक्षी जुळल्या. काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे काही पाणी ऱ्हाईनकडे, म्हणजे उत्तर समुद्राकडे जाते, हे निर्विवाद ठरले. हे उदाहरण ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे. पुढे शंभर वर्षांनी या फ्लुओरेसीनचीच एक भावंड जिवंत पेशीत साक्ष द्यायला उभी राहिली, आणि तेथे मात्र मीठ व तेल बरोबर नव्हते.

प्राणवायूची दुसरी बाजू

ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो. त्याचा एक स्वभाव असा, की तो पेशीत पाण्यात रूपांतरित होताना इलेक्ट्रॉन एकेक करून घेऊ शकतो. एक इलेक्ट्रॉन घेतला की सुपरऑक्साइड बनते, दुसरा घेतला की हायड्रोजन पेरॉक्साइड, तिसरा घेतला की हायड्रॉक्सिल मूलक, आणि चौथा घेतल्यावर पाणी. पेशीतील बहुतेक ऑक्सिजन ही वाट एका दमात पुरी करतो. परंतु थोडा मधल्या पायऱ्यांवर निसटतो. या मधल्या पदार्थांना एकत्रितपणे रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज म्हणतात. आपण क्रियाशील ऑक्सिजन म्हणू. ते सगळे एका जातीचे नाहीत, हे महत्त्वाचे. हायड्रॉक्सिल मूलक जन्मतः शेजाऱ्याला धरतो आणि क्षणाच्याही लहानशा अंशात संपतो; हायड्रोजन पेरॉक्साइड त्यामानाने शांत आहे, ते पेशीच्या पडद्यातून पलीकडेही जाते.

ही द्रव्ये सजीवांत काही बरेवाईट करतात, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारशी कोणी मनावर घेतली नव्हती. १९५४ साली अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमान यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे काम करत असताना, डॅनिएल गिल्बर्ट व इतर सहकाऱ्यांसह, असे प्रतिपादन केले की अति ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्या मुळाशी एकच यंत्रणा असावी. दोन वर्षांनी, १९५६ साली, डेनम हार्मन यांनी वार्धक्यही याच मुक्त मूलकांमुळे येते असा सिद्धान्त मांडला. तरीही अनेकांना शंका होती. १९६९ साली ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नाहीसे करणारे विकर शोधून काढले, तेव्हा वारे फिरले. चोराचा बंदोबस्त करणारा पहारेकरी घरात आढळला, तर चोर येत असला पाहिजे, असा हा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता.

१९७३ साली बर्नार्ड बेबिअर व सहकाऱ्यांनी आणखी एक धक्का दिला. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात, असे त्यांनी दाखवले. ज्याला आपण चोर म्हटले, त्याला शरीर शस्त्र म्हणून बाळगते. म्हणजे प्रश्न 'आहे की नाही' एवढाच राहिला नाही. कोठे आहे, किती आहे, कोणता आहे आणि कोणाच्या कामी आहे, हे जिवंत पेशीतच पाहणे भाग पडले. तेथे प्रतिदीप्त रंगद्रव्ये पुढे आली.

संदर्भ बदलला

फ्लुओरेसीनला दोन क्लोरीन जोडून आणि त्याला क्षपित करून, म्हणजे त्याची चमक काढून घेऊन, एक निस्तेज पदार्थ बनवता येतो. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की चमक परत येते; निळ्या प्रकाशात तो हिरवा उजळतो. १९६५ साली केस्टन आणि ब्रँट यांनी त्याचा उपयोग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अतिसूक्ष्म मात्रा मोजण्यासाठी केला. तो प्रयोग परीक्षानळीतला होता. पेरॉक्साइड एकटे या रंगाशी जवळजवळ काहीच करत नाही. मध्यस्थ म्हणून पेरॉक्सिडेज हे विकर लागते. ते विकर प्रयोगकर्ते स्वतः, मोजून, नळीत घालत होते. त्यामुळे हिरवा उजेड किती आणि पेरॉक्साइड किती, यांचा हिशेब लागत होता.

पुढची युक्ती पेशीत शिरण्याची. रंगाला अॅसिटेटचे दोन गट जोडले की तो पेशीच्या स्निग्ध पडद्यातून आत जातो. आत पेशीची स्वतःची विकरे ते गट कापून टाकतात आणि रंग बऱ्याच अंशी आत अडकतो. साध्या फ्लुओरेसीनच्या बाबतीत हे १९६६ साली रॉटमन आणि पेपरमास्टर यांनी दाखवले होते. १९८३ साली बास व सहकाऱ्यांनी हीच वाट वापरून क्लोरीनयुक्त रंग पांढऱ्या पेशींत घातला. पेशींना चेतवताच त्या हिरव्या झाल्या, आणि यंत्राने हजारो पेशी एकेक करून मोजता आल्या.

या जागी माझ्यातील पोथ्यांचा अभ्यासक सावध होतो. नळीत जे विकर मोजून घातले होते, ते आता पेशीवर सोपवले गेले होते. वाक्य तेच, पण संदर्भ बदलला. पांढऱ्या पेशींत पेरॉक्सिडेज भरपूर असते आणि क्रियाशील ऑक्सिजनचा लोटही मोठा असतो, म्हणून तेथे फारसे बिघडले नाही. परंतु रंग स्वस्त होता, कृती सोपी होती, चित्र देखणे येत होते. पाहता पाहता तो यकृताच्या, मेंदूच्या, हृदयाच्या, वनस्पतींच्या आणि बुरशीच्या पेशींवर वापरला जाऊ लागला. 'पेशी हिरवी झाली' हे डावीकडचे वाक्य हळूहळू 'क्रियाशील ऑक्सिजन वाढला' या उजवीकडच्या वाक्याच्या जागी छापले जाऊ लागले.

घरातील एक पत्रक

येथे मी थोडे खाजगी बोलतो. माझ्या पत्नीला कंपवात होता. आजाराच्या दुसऱ्या वर्षी एका औषधाच्या दुकानात मला एक गुळगुळीत पत्रक मिळाले. त्यावर पेशींची दोन चित्रे होती. पहिल्यात पेशी हिरव्यागार पेटलेल्या, दुसऱ्यात काळोख. आणि खाली लिहिलेले, की या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी मेंदूतील विषारी ऑक्सिजन असा शांत होतो. मी त्या गोळ्या चार वर्षे आणल्या. पेन्शनीतून खर्च झाला त्याचे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की ती दर सकाळी थरथरत्या हातांनी ती मोठी गोळी गिळायची, घशाशी अडकायची, आणि मी म्हणायचो, "घे गं, याने आतली आग विझते."

ती गेल्यानंतर कागदपत्रे आवरताना ते पत्रक सापडले. माझी भाची वडोदऱ्यात जीवरसायनशास्त्र शिकवते. तिला दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मामा, यात काय मोजलंय ते लिहिलेलंच नाही. हिरवं होतं, ते गेलं, एवढंच दिसतंय." मग तिने मला समजावले, की हिरवेपण जाण्याची कारणे अनेक असू शकतात. रंग पेशीतून गळून गेला असेल, पेशी मेल्या असतील, गोळीतील पदार्थाने रंगाशीच झोंबी घेतली असेल. आणि पेशी मुळात माणसाच्या मेंदूतल्या होत्या की काचपात्रात वाढवलेल्या, हेही पत्रकावर नव्हते.

मी मान खाली घातली. पीएच. डी.साठी मी पाच वर्षे पाठचिकित्सा केली होती. एखाद्या ओवीतील एका शब्दासाठी चार गावच्या पोथ्या धुंडाळल्या होत्या. त्याच माणसाने घरातील माणसाच्या औषधासाठी एका चित्राला एक प्रश्न विचारला नव्हता. सरांची उभी रेघ मी साहित्यापुरती ठेवली होती.

पुढे वाचले तेव्हा कळले, की विचारणारे होते. अमेरिका आणि कॅनडात कंपवाताच्या ८०० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने रोगाची वाटचाल मंदावत नाही, असा निष्कर्ष १९९३ सालीच प्रसिद्ध झाला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचा निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेली तशीच एक चाचणी बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा रोग २८ टक्के अधिक दिसल्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. या चाचण्या हिरव्या चित्रांच्या भरवशावर उभ्या राहिल्या होत्या, असे मी म्हणणार नाही. त्यांना आहाराच्या निरीक्षणांचा आधार होता. परंतु 'क्रियाशील ऑक्सिजन म्हणजे शत्रू आणि त्याला विझवणे म्हणजे आरोग्य' ही समजूत दोहोंच्या मागे एकच होती.

साक्षीदाराची उलटतपासणी

आता त्या शास्त्रज्ञांकडे वळू, ज्यांनी रंगालाच प्रश्न विचारले. त्यांची कामगिरी वर्तमानपत्रांत येत नाही. म्हणून आज ती मुद्दाम सांगतो.

२००१ साली इंग्लंडमधील बर्किट आणि वॉर्डमन यांनी दाखवले, की सायटोक्रोम-सी हे प्रथिन या क्लोरीनयुक्त रंगाचे ऑक्सिडीकरण फार जोराने घडवते. आता पेशी मरणाच्या वाटेला लागली, की नेमके हेच प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर सांडते. म्हणजे मरणाऱ्या पेशीत हिरवा उजेड वाढला, तर पेरॉक्साइड वाढले असेल, किंवा पेरॉक्साइड तेवढेच राहून केवळ मध्यस्थ मोकळा झाला असेल. उजेड दोन्ही वेळा सारखाच. 'क्रियाशील ऑक्सिजनमुळे पेशी मेली' असे ज्या निबंधांत लिहिले गेले, त्यांतील काहींत कदाचित 'पेशी मरू लागली म्हणून रंग उजळला' एवढेच घडले होते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की ऑक्सिडीकरणाच्या वाटेवर या रंगाचा जो अर्धवट अवतार बनतो, तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन स्वतःच सुपरऑक्साइड निर्माण करतो. ज्याची साक्ष द्यायची, तोच गुन्हा साक्षीदार स्वतः करतो!

दुसरा रंग डायहायड्रोएथिडियम. तो ऑक्सिडीकरणाने तांबडा होतो, आणि तांबडे दिसले की सुपरऑक्साइड आहे, असे मानले जाई. २००३ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे बालारामन कल्याणरामन यांच्या गटाने दाखवले, की सुपरऑक्साइडशी झालेल्या क्रियेतून जे द्रव्य बनते, ते लोक समजत होते ते एथिडियम नव्हेच; ते निराळे आहे. दोन्ही तांबडी, दोन्हींचा उजेड एकमेकांत मिसळलेला. डोळ्यांना फरक कळत नाही. द्रव्ये वेगळी करून पाहावी लागतात. पोथीत 'व' आणि 'ब' सारखेच लिहिणारा लेखनिक असला, की केवळ नजरेने पाठ ठरवता येत नाही, तसाच हा प्रकार.

यातून निराश न होता नवे शोधक घडवले गेले. २००४ साली बर्कली येथे क्रिस्टोफर चांग व सहकाऱ्यांनी बोरॉनचे कुलूप लावलेला रंग बनवला. हायड्रोजन पेरॉक्साइड ते कुलूप उघडते आणि चमक मोकळी होते. पुढे कळले, की पेरॉक्सिनायट्राइट नावाचे द्रव्य हेच कुलूप कितीतरी अधिक वेगाने उघडते. म्हणून तेथेही ताळा घ्यावा लागतो. २००६ साली मॉस्को येथील बेलोउसोव, लुक्यानोव व सहकाऱ्यांनी सर्वस्वी निराळी वाट काढली. ई. कोलाय या जंतूपाशी पेरॉक्साइड ओळखणारे प्रथिन असते. ते त्यांनी एका चमकणाऱ्या प्रथिनाशी सांधले. अशा चमकणाऱ्या प्रथिनांची कथा १९६२ साली ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवे प्रथिन वेगळे केले तेथून सुरू होते. त्यासाठी शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर चिएन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मॉस्कोच्या या शोधकाला हायपर असे नाव आहे. पेशी तो आपल्याच जनुकावरून घडवते. पण पेशीतील आम्लता बदलली तरी तो फसतो. यावर उपाय मोठा सुंदर आहे. त्या प्रथिनाचा एक जुळा बनवतात, ज्याला पेरॉक्साइड दिसत नाही, परंतु आम्लता दिसते. दोघांना एकच दृश्य दाखवायचे. दोघेही बोलले तर आम्लता. पहिलाच बोलला तर पेरॉक्साइड.

२००९ साली फिलिप नीटहामर, टिमोथी मिचिसन व सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये हायपरचा उपयोग झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लावर केला. शेपटीच्या पराला बारीकशी जखम केली आणि पाहत राहिले. जखमेच्या कडेपासून पेरॉक्साइडची लाट आत पसरली, आणि पांढऱ्या पेशी जखमेकडे धावल्या त्या तिच्यानंतर. एवढ्यावर न थांबता त्यांनी पेरॉक्साइड बनवणारे विकर बंद पाडून पाहिले. लाट नाहीशी झाली आणि पांढऱ्या पेशींचे धावणेही मंदावले. आता ही केवळ उजेडाची साक्ष राहिली नाही. कारण काढले तर कार्य थांबते, ही दुसरी, स्वतंत्र साक्ष जुळली. ज्याला आपण शत्रू समजून विझवू पाहत होतो, ते जखमेने मदतीसाठी धाडलेले बोलावणे होते.

दहा नकला, एक साक्ष

पोथ्यांच्या शास्त्रात एक नियम आहे. एखाद्या पाठाला दहा पोथ्यांचा आधार आहे असे दिसले, तरी त्या दहाही एकाच मूळ पोथीवरून उतरवल्या असतील, तर त्या दहा साक्षी नव्हेत; ती एकच साक्ष होय. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. वि. स. सुखठणकरांनी पोथ्यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची कुळे लावण्यावर भर दिला. परस्परांपासून स्वतंत्र असलेली कुळे एकाच शब्दावर जुळतात, तेथे पाठ भक्कम. गणिताचे शिक्षण घेतलेल्या त्या पंडिताला साक्षींची बेरीज आणि साक्षींचे स्वातंत्र्य यांतील भेद नीट ठाऊक होता.

हाच नियम रंगांनाही लागू आहे. एकाच हिरव्या रंगाने केलेले शंभर प्रयोग शंभर देशांतून आले, तरी रंगाची खोड एकच असल्याने ती एका पोथीच्या शंभर नकला ठरतात. क्नॉप यांनी मीठ आणि तेलही सोडले, त्याचे महत्त्व येथे आहे. २०२२ साली मायकेल मर्फी आणि जगभरच्या अनेक अभ्यासकांनी मिळून क्रियाशील ऑक्सिजन कसा मोजावा याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा गाभा माझ्यासारख्याला सहज कळतो. 'क्रियाशील ऑक्सिजन' असे मोघम म्हणू नका, कोणते द्रव्य ते नाव घेऊन सांगा. एका रंगावर निष्कर्ष उभारू नका. ज्या द्रव्याला दोष देता, ते काढून घेतल्यावर परिणाम जातो का, ते पाहा. आमच्या विभागात पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला आम्ही याहून वेगळे काही सांगत नव्हतो.

याची उलट बाजूही आपल्या देशाच्या इतिहासात आहे. १९२३ साली कलकत्त्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात रंग बदललेला एक क्षीण उजेड आढळला. ही अशुद्धतेमुळे आलेली प्रतिदीप्ती असावी, असे वाटले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, उजेड जाईना. पाच वर्षे ती शंका कोणी पुसली नाही, तशीच जागती ठेवली. के. एस. कृष्णन यांच्यासह रामन यांनी अखेर ओळखले, की ही प्रतिदीप्ती नव्हेच, हा निराळा परिणाम आहे; २८ फेब्रुवारी १९२८ हा तो दिवस. 'वाटले' हे 'दिसले'च्या रकान्यात कोणी घाईने उतरवले असते, तर तो शोध दुसऱ्या कोणाच्या नावावर गेला असता.

न उजळणाऱ्या पेशी

रंगांवर अविश्वास निर्माण करून मी खाली बसलो, तर ते सरांना आवडणार नाही. म्हणून शेवटी अशा जागेविषयी सांगतो, जेथे या उजेडावर लेकरांचे प्राण अवलंबून असतात.

१९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे काही मुलांच्या एका दुर्धर रोगाचे वर्णन झाले. मुले वारंवार जंतुसंसर्गाने आजारी पडत, गाठी येत, आणि दगावत. त्याला आज क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. पुढे उमगले, की या मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण ते शस्त्र, सुपरऑक्साइड, बनवू शकत नाहीत. आज या रोगाचे निदान डायहायड्रोरोडामीन नावाच्या रंगाने करतात. थोडे रक्त घेतात, पेशींना चेतवतात आणि यंत्रातून पाहतात. निरोगी माणसाच्या पेशी उजळतात. बाळाच्या काळोख्या राहतात. रोगाचा एक प्रकार आईकडून एक्स गुणसूत्रावाटे येतो. अशा आईच्या रक्तात बहुधा काही पेशी उजळणाऱ्या आणि काही न उजळणाऱ्या, अशा दोन रांगा दिसतात. आपल्याकडे मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत ही तपासणी होते. वेळीच निदान झाले तर औषधांनी संसर्ग आवरता येतो, आणि अस्थिमज्जेच्या रोपणाने रोग बराही होऊ शकतो.

येथे रंग विश्वासार्ह का ठरतो? कारण प्रश्न नेमका आहे. या पेशीत ते शस्त्र बनते की नाही, एवढाच. शेजारी निरोगी माणसाचे रक्त त्याच वेळी, त्याच यंत्रात तपासलेले असते. आणि तरीही जाणते डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. मायलोपेरॉक्सिडेज या विकराची उणीव असलेल्या, एरवी बऱ्याचदा ठणठणीत असणाऱ्या माणसाच्या पेशीही या रंगात काळोख्या दिसू शकतात. म्हणून शंका आली तर दुसरी, वेगळ्या तत्त्वावरची तपासणी करतात; एक पिवळे द्रव्य पेशीत गडद निळे होते की नाही, ते पाहतात. शेवटी जनुक वाचतात. मीठ, तेल आणि रंग, तीन साक्षी. एखाद्या बाळाला जन्मभराच्या रोगाचे नाव देण्याआधी एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत, आणि ते घेतले जातात.

माझ्या पत्नीच्या हातात मी जे पत्रक ठेवले, त्यावरचा रंग याच घराण्यातला होता. दोष रंगाचा नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचा होता, आणि प्रश्न न विचारणाऱ्या माझा होता.

विद्यार्थिमित्रांनो, घरी गेल्यावर एक करून पाहा. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या, आणि वरचा द्रव मोठ्या माणसांच्या देखत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याजवळ न्या. दिव्याकडे मात्र थेट पाहू नका. हिरवट पिवळा उजेड दिसेल. मग वहीचे पान घ्या, मधोमध उभी रेघ ओढा, आणि डावीकडे फक्त दिसले ते लिहा. उजवीकडचा रकाना दुसऱ्या दिवशी भरा. आमचे सर तो रकाना रात्रभर कोराच ठेवायला सांगत.